वाळत घातलेलं सैन्य

१

“पोरगी वाईट नाही गं नेल्ये, हाताला उरकही आहे तिच्या. पण तिचं माहेर वाचावं म्हणून आपण का मरायचं?”

सासूबाई हे आत्याबाईंना म्हणाल्या तेव्हा मी ओल्या चादरीच्या पलीकडे उभी होते. इतर घरांत भिंतींना कान असतात, आमच्या घरात चादरींना. कापड उन्हात पांढरं करून देणं हा सासरचा पिढीजात धंदा. गावाबाहेरच्या कुरणावर इतकं कापड टांगलेलं असायचं की पलीकडे कोण आहे हे फक्त पायांवरून कळे, आणि त्या दिवशी गवत वाढलेलं होतं.

मी आवाज न करता बादली उचलली आणि दुसऱ्या रांगेत गेले. राग आला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

माझं माहेर स्टाव्हेनदाम. तिथून लग्न होऊन मी होडीने झांडवाइकला आले, आणि दारावर बांधलेल्या लग्नाच्या डहाळ्या वाळायच्या आत तिकडे स्पेनच्या सैन्याने वेढा घातला. आमच्या लोकांनी चर्चमधल्या मूर्ती काढून भिंतींना चुना दिला होता. त्या चुन्याची किंमत स्पेनचा राजा गावोगाव वसूल करत फिरत होता. वेढ्यात माझे बाबा होते आणि धाकटी बहीण लाइस्बेट. शेवटचा माणूस तिथून निसटून आला तेव्हा गावाने घोडे खायला सुरुवात केली होती. लाइस्बेटने त्याच्याबरोबर माझ्यासाठी निरोप धाडला होता: ताईला सांग, घोडा वाटतो तितका वाईट लागत नाही.

वेढा फोडण्याएवढं सैन्य आमच्या राजपुत्राकडे नव्हतं. म्हणून सैन्य आहे असं दाखवायचं ठरलं, तेही उलट्या बाजूला, आमच्या झांडवाइकला. स्पॅनिशांना वाटावं की राजपुत्र आता आपल्या पाठीवर येतोय. त्यांनी वेढा सैल करून फौज इकडे वळवावी, आणि तेवढ्या सवडीत धान्याच्या होड्या बुडालेल्या शेतांवरून स्टाव्हेनदाममध्ये शिराव्यात.

म्हणजे नाटक पडलं तर माझं माहेर उपाशी मरणार. नाटक रंगलं तर स्पॅनिश फौज आमच्या दारात. सासूबाईंना हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

२

नाटक बसवायला आला तो कप्तान टीलमन. बरोबर मूठभर घोडेस्वार, दोन ढोलकरी आणि भूक.

“लढणारे कप्तान वेगळे, बाई. मी दाखवणारा,” वाटाण्याचं सूप ओरपत तो सासूबाईंना म्हणाला. “धूर काढता येतो, ढोल बडवता येतात, निशाणं रोवता येतात. पण पाण्यापलीकडच्या त्या पवनचक्कीवर त्यांचे टेहळे बसलेत, ते काही दूधखुळे नाहीत. धूर आणि ढोल म्हणजे थाप, हे त्यांनाही ठाऊक आहे. मला असं काही हवंय, जे थाप म्हणून कोणी करणार नाही.”

“धुणं,” आत्याबाई म्हणाल्या. नेल्ये आत्याबाई म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांची बहीण. त्या बोलल्या की सासूबाई आधी कपाळाला आठ्या घालत आणि मग ऐकत.

“काय म्हणालात?”

“सैन्य येतं ना, त्याच्यामागे धुणं येतं. मागे आपलंच सैन्य इथे राहून गेलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत सोलले होते. धुण्याची थाप कोण मारेल हो? एवढे कष्ट करून?”

कप्तानाने सूप खाली ठेवलं आणि आत्याबाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. “बाई, तुम्ही पुरुष असता तर आज मी तुमचे बूट पुसत असतो.”

“पुसा की. बाई आहे म्हणून माझे बूट मळत नाहीत असं थोडंच आहे?”

आमच्या माळ्यावर नौदलासाठी शिवलेल्या सदऱ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून होते. पांढरे करून द्यायला आलेले, कोरे, कोणाच्याही अंगाला न लागलेले. ते ओले करून पाण्याच्या बाजूच्या कुरणावर रांगांनी टांगायचे, संध्याकाळी उतरवायचे, सकाळी पुन्हा ओले करून वेगळ्या क्रमाने टांगायचे. पवनचक्कीवरून बघणाऱ्याला वाटणार, रोज एवढे सदरे, म्हणजे माणसं किती!

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पण कप्तानाचं एक वेड होतं. खोटं करायचं तर नियमाने करायचं.

“शपथ न घेतलेलं सैन्य म्हणजे लुटारूंचा जमाव,” तो म्हणाला. पहिल्या दुपारी सदरे टांगून झाल्यावर त्याने ढोल वाजवायला लावले, रांगांसमोर उभा राहिला आणि खऱ्या भरतीला वाचतात तशी सगळी कलमं खड्या आवाजात म्हटली. पळून जाईल त्याला फाशी. पहाऱ्यावर झोपेल त्याला फाशी. ज्या गावाचं मीठ खाईल त्याच गावावर हात टाकेल, त्याला फाशी.

“फाशी कशी देणार?” माझा नवरा लेंडर्ट म्हणाला. “आधीच टांगलेत.”

गाव जमलं होतं, ते हसलं. कप्तान हसला नाही. त्याने टोपी काढली. “शपथेसाठी उजवा हात वर!”

आणि समुद्रावरून वारा आला. अख्ख्या कुरणावर बाह्या वर गेल्या.

लोक हसून हसून गवतात लोळले. आत्याबाई तेवढ्या एप्रनखाली बोटं हलवत होत्या. त्या जुन्या पंथात वाढलेल्या, अजून कधी कधी हात आपोआप छातीवर क्रूस काढायला जाई. मीही हसले. मग मला वाटलं, वर गेल्या त्या फक्त उजव्या बाह्या. वाऱ्याला कुठे उजवं-डावं कळतं? पण ऊन तिरपं होतं, माझ्याच डोळ्यांवर होतं, आणि नव्या सुनेने सगळी हसत असताना शंका काढू नये.

३

दुसऱ्या संध्याकाळी मी सदरे उतरवत होते तेव्हा एका सदऱ्याची गळपट्टी हाताला चिकट लागली.

उलटून पाहिलं. आतून मळाची रेघ होती. धुळीचा मळ बाहेरून बसतो आणि सगळीकडे सारखा बसतो. ही रेघ मानेच्या मागे गडद होती, कंठाशी फिकी होत गेली होती. अशी रेघ फक्त मान काढते.

“लेंडर्ट, तू ह्यातला एक घातलास का?”

“नौदलाचा सदरा? आई माझी कातडी काढून तीच पांढरी करेल.”

“मान दाखव.”

त्याने मुकाट्याने मान वाकवली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, म्हणून असल्या गोष्टी तो अजून ऐकत असे. मान स्वच्छ होती असं मी म्हणणार नाही, पण ती ह्या सदऱ्याची नव्हती. लेंडर्टची मान बगळ्याची. हा मळ बैलाच्या मानेचा होता.

“कप्तानाच्या माणसांपैकी कोणीतरी ढापला असेल,” तो म्हणाला.

“आणि परत आणून होता तिथे टांगला? ओला करून?”

“सभ्य चोर असेल.”

मी तो सदरा घरात कोणाला न दाखवता ताकात बुडवला. मळ काढायला आंबट ताकासारखं दुसरं काही नाही. रेघ निघाली, पण सहज नाही. जुन्या मळासारखी चिवटपणे निघाली.

पुढच्या संध्याकाळी एका रांगेत नाही, सगळ्या रांगांत रेघा होत्या.

४

आता लपवण्यासारखं राहिलं नाही. सासूबाई एक सदरा हातात धरून थेट कप्तानापुढे उभ्या राहिल्या.

“तुमची माणसं माझ्या मालाला अंग पुसतात!”

“माझी माणसं अंग पुसतच नाहीत, बाई. हवं तर बघा.” त्याने सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि गळे उघडायला लावले. त्या गळ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. एवढंच सांगते की सासूबाईंनी एप्रन नाकाला लावला आणि म्हणाल्या, “जा. ह्यातल्या एकानेही कोरा सदरा घातला असता तर सदरा एवढ्या मळावर सुटला नसता.”

मग राखण बसवली. लेंडर्ट कुरणाच्या एका टोकाला, आत्याबाई दुसऱ्या टोकाला विणकाम घेऊन. मी मधल्या पाटाच्या काठी लाकडी पळ्याने कापडावर पाणी उडवत होते. लख्ख दिवस होता. पाण्यावर बदकं होती. दुपारभर कुरणात कोणी आलं नाही, हे आम्ही तिघांनी पाहिलं.

संध्याकाळी उतरवलेला पहिला सदरा आत्याबाईंनी नाकाशी नेला. ह्या घरातल्या बायका कापड डोळ्यांच्या आधी नाकाने बघतात. कोळ्याचा घाम, विणकऱ्याचा घाम, ताप उतरताना येणारा घाम, सगळे वेगळे असतात म्हणतात.

“चालून आलेत,” त्या म्हणाल्या.

“कोण?” सासूबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी सदऱ्याचा उजवा खांदा उजेडात धरला. तिथे कापड घासून करडं झालं होतं, बोटभर रुंद पट्टा, पुढून मागे गेलेला. मागचं सैन्य राहून गेलं तेव्हा असे खांदे सासूबाईंनीही धुतले असणार, कारण त्यांनी लगेच नजर दुसरीकडे वळवली. लांब भाला खांद्यावर टाकून दिवसभर चाललं की तिथेच घासतं.

“राखेचं पाणी नीट निघालं नसेल,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “अंश राहिला की कापड उन्हात काळवंडतं.”

“हो,” आत्याबाई म्हणाल्या.

“हो ना गं?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. खरंच, राखेचा अंश राहिला तर कापड पिवळं पडतं. पण ते काखेत ओलं होत नाही. आणि मी उतरवलेले सदरे कोमट होते. सूर्य गेल्यावरही, एकावर एक टाकलेल्या टोपलीत हात घातला तर आतून ऊब येत होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

५

त्यानंतर आम्ही खरंच एका सैन्याचं धुणं धुऊ लागलो आणि त्याबद्दल बोलेनासे झालो.

सकाळी कढई पेटवायची, राखेचं पाणी, मग ताक, मग पाटाचं पाणी, मग दोरी. पाणी काळं निघायचं, सासूबाई ते बघायच्या नाहीत, ओतून द्यायच्या. जेवताना चीजबद्दल बोलायचं, शेजारणीच्या गाईबद्दल बोलायचं. एकदा लेंडर्ट म्हणाला, “आई, ह्या धुण्याची मजुरी कोणाकडे मागायची?” तर सासूबाईंनी त्याच्या हातातला पाव काढून घेतला.

मी मनाशी कारणं लावत असे. दव. पक्षी. कप्तानाच्या धुरांची काजळी. नव्या पंथात आम्हाला शिकवलं होतं की मेलेले जिथे जायचे तिथे गेले, त्यांच्यासाठी प्रार्थनाही करायची नाही आणि त्यांची वाटही बघायची नाही. भुतं जुन्या पंथाबरोबर गेली. मला हे पटत होतं. फक्त हे मेलेले आहेत असं तरी कोण म्हणत होतं?

ढोलांचा आवाज जास्त त्रास देई. कप्तानाचे ढोलकरी दुपारी कुरणाच्या कडेने वाजवत फिरायचे. त्यांनी टिपऱ्या थांबवल्या की ओल्या बाह्यांची फटफट ऐकू येई, वाऱ्याने येते तशीच. पण ती ढोलाच्याच तालावर असायची, आणि ढोल थांबल्यावर दोन-चार ठोके पुढे जाऊन एकदम, सगळी मिळून, थांबायची. ढोलकऱ्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी लांबून वाजवायला सुरुवात केली.

एका सदऱ्याचा खांदा उसवला होता. मी पाटाच्या काठी बसून तो शिवला. माझा टाका बारीक आहे, बाबांचे सगळे सदरे मीच शिवायची. शिवताना मनात आलं, माझे बाबा ह्या घडीला कोणत्या सदऱ्यात असतील, आणि तो त्यांना आता किती सैल होत असेल. डोळे भरले, टाका चुकला, मी उसवून पुन्हा घातला. मग सदरा दोरीवर टाकला.

संध्याकाळी त्या सदऱ्याच्या गळ्याच्या बंदात पाटाकाठचं पिवळं फूल खोचलेलं होतं.

नव्या नवरीने असलं फूल कोणाला दाखवावं? मी ते राखेच्या पाण्यात टाकलं. मग बाही वर करून काढून घेतलं.

त्या दिवसापासून मी भ्यायले नाही, असं नाही. पण भीतीत आणखी काहीतरी मिसळलं. सदरे टांगताना मी त्यांच्या गळपट्ट्या सरळ करू लागले, खांदे झटकू लागले. मुलाला शाळेत पाठवताना करतात तसं. आणि मनात एकच घोकत होते: तिकडे बघा. स्टाव्हेनदामकडे बघा.

मग बातमी आली. कप्तानाचा टेहळ्या घोडा फेसाळेपर्यंत दौडत आला: स्पॅनिशांनी वेढ्यातली निम्म्याहून जास्त फौज काढली आहे आणि ती बांधावरच्या रस्त्याने इकडे निघाली आहे. उद्या सकाळी ते झांडवाइकला पोचतील. धान्याच्या होड्या वेतांच्या बेटांमध्ये दबा धरून आहेत, उद्या दुपारपर्यंत त्या स्टाव्हेनदाममध्ये शिरतील.

“जमलं!” कप्तानाने टोपी छताला मारली. “जमलं, बाई! जन्मात असं जमलं नव्हतं!”

“दुपारपर्यंत,” सासूबाई म्हणाल्या. “आणि ते सकाळी येणार. मधल्या वेळात आम्ही काय करायचं?”

कप्तानाने टोपी उचलली, झटकली आणि तिच्या आतच बघत राहिला. गावच्या पंचांनी ठरवून टाकलं. फौज दिसली की सदरे उतरवायचे आणि पांढरं निशाण लावायचं. निशाण आमच्या घरातून. गावात इतर कशाची टंचाई असेल, पांढऱ्या चादरींची नव्हती.

पण सदरे सकाळीच उतरले तर पुढच्या स्वारांना थाप कळणार, ते फौज तिथूनच मागे फिरवणार, आणि वेतांतून बाहेर पडलेल्या होड्या उघड्या पाण्यावर सापडणार. हे सगळ्यांना कळत होतं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, त्यावरून ते मला कळलं.

६

सकाळी हवा पडलेली होती. पान हलत नव्हतं. पहाटेच टांगलेले ओले सदरे रांगांनी लटकलेले, पुढे बुडालेल्या शेतांचं सपाट पाणी, पाण्यामधून सरळ आलेला बांध, आणि बांधावर, पवनचक्कीपासून आमच्या दिशेने, भाल्यांचं रान चालत येत होतं.

“जा, दोघं जाऊन उतरवा,” सासूबाई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या. त्यांच्या हातात चादर होती. “पटापट. पोरी, माझ्यावर राग धरू नकोस.”

मी रांगांमधून चालत पार पुढे गेले, जिथे कुरण संपून पाणी लागतं. टोपली घेऊन लेंडर्ट माझ्यामागे आला. मी पहिल्या दोरीपुढे, सदऱ्यांकडे पाठ करून, फौजेकडे तोंड करून उभी राहिले. आणि उभीच राहिले.

“माखतेल्ड,” तो हळू म्हणाला. “अगं, उतरवायचेत ना?”

मी हलले नाही. त्याने टोपली खाली ठेवली. जरा थांबून तो माझ्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. नवऱ्याबद्दल मला जे कळायचं ते त्या घटकेला कळलं, पुढे काही नव्याने कळायचं राहिलं नाही.

सूर्य आमच्या पाठीमागे, गावाच्या वर आला होता. आमच्या सावल्या लांबच लांब होऊन समोरच्या गवतावर पडल्या होत्या, थेट पाण्यात शिरल्या होत्या. माझी, शेजारी लेंडर्टची. आणि मागच्या रांगांच्या.

दोरीवरच्या सदऱ्याची सावली कशी पडते हे मला झोपेतही सांगता येईल. वर दोरीची रेघ, खाली चौकोन, दोन बाह्या लोंबलेल्या. डोकं नसतं. पाय नसतात.

समोरच्या गवतावर दोरीची रेघ नव्हती.

मी मागे वळून पाहिलं नाही. कारणं लावायचा प्रयत्न केला. सकाळचं ऊन लांबट पडतं, कुंपणाचे खांब मध्ये येतात, कप्तानाने काठ्यांवर टोप्या चढवल्या असतील. लेंडर्ट आजही म्हणतो की टोप्याच होत्या. असतील. सरळ पुढे बघणाऱ्या माणसाच्या सावलीत नाक दिसत नाही, नुसता गोळा दिसतो. माझ्या उजव्या बाजूच्या सावलीत, मी बघत असताना, हळूच नाक आलं. मग हनुवटी आली. आणि माझ्या कानाशी गळपट्टी मानेवर घासल्याचा आवाज झाला, रोज सकाळी नवरा कपडे करतो तेव्हा होतो तसा.

मग नाक गेलं. पुन्हा सरळ गोळा.

पाठीवर ऊब होती. ती उन्हाची होती असं म्हणता येईल.

फौज आता इतकी जवळ आली होती की पुढच्या स्वारांच्या दाढ्या दिसत होत्या. सगळ्यात पुढचा घोडा थांबला. स्वाराने टाच मारली, घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. दुसरा आडवा झाला. बांध अरुंद होता, मागचे पुढच्यांवर येऊन आदळले. कोणीतरी ओरडून हुकूम देत होता. पुढच्या स्वाराला तो ऐकू येत नसावा. तो आमच्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसा माणूस न संपणाऱ्या गोष्टीकडे बघतो. मग त्याने भर सकाळी, भर फौजेपुढे, छातीवर क्रूस काढला.

आणि माझ्या मागे एकदम, सगळ्यांनी मिळून, एक पाऊल पुढे पडलं.

आवाज ओल्या कापडाचा होता. फट्. तेवढाच. पण पायाखालची जमीन त्याने हलली, आणि समोरच्या पाण्यावर बारीक लाटा उठून बांधाकडे गेल्या.

त्यानंतर जे झालं त्याचं चित्र झांडवाइकचं प्रत्येक पोर भिंतीवर कोळशाने काढतं. भाले पाण्यात पडले. घोडे पाण्यात पडले. निशाण धरणारा निशाण टाकून चिखलातून पळाला. माणसं माणसांना तुडवत बांधावरून मागे गेली, पवनचक्कीपाशीही थांबली नाहीत, आणि जी पळाली ती वेढ्याकडे नाही, सरळ दक्षिणेला. एक गोळी सुटली नाही. लेंडर्ट आधी हसायला लागला, मग रडायला, मग त्याने मला उचलून गरागरा फिरवलं आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण फिरताना मागचं दिसलं असतं.

७

दुपारी स्टाव्हेनदामच्या घंटा वाजल्या. इतक्या लांबून त्या कधीच ऐकू येत नाहीत, पण हवा पडलेली होती. आमच्या घंटांनी उत्तर दिलं, आणि मग अख्ख्या किनाऱ्यावर गावामागून गाव घंटा बडवत सुटलं.

संध्याकाळच्या आत होडी आली. पळापळीची बातमी ऐकून तिकडे उरलेली फौजही हटली, वेढा उठला होता. धान्य, चीज, खारवलेली हेरिंग, सगळं गावात पोचलं होतं. होडीवाला माझ्या बाबांना पाहून आला होता. “काठीसारखे झालेत, पण काठी उभी आहे,” तो म्हणाला. “आणि तुझी बहीण? तिने एवढा पाव खाल्ला की ओकली, आणि तोंड पुसून परत खायला बसली.”

मी तिथेच धक्क्यावर बसले आणि हसले. लग्नानंतर मी इतक्या मोठ्याने हसले नव्हते. सासूबाईंनी माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि धरून ठेवलं. 

चौकात पिंपं फुटली. कप्तानाला खांद्यांवर घेऊन मिरवलं. “सदऱ्यांनी!” तो वरून ओरडत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. “सदऱ्यांनी जिंकलं! अरे, आत माणूस नाही आणि जिंकलं!” गाव त्याच्याबरोबर ओरडत होतं. आत्याबाईंनी बूट पुढे केले आणि त्याने खरंच पुसले.

ऊन उतरायला लागलं तसं मात्र सगळ्यांच्या एकच गोष्ट लक्षात आली. सदरे अजून कुरणावरच होते. ते आणायला कोणी गेलं नव्हतं.

शेवटी आम्ही सगळे मिळूनच गेलो, घरचे, कप्तान, निम्मं गाव, हातात मद्याचे पेले घेऊन, आणि कुंपणाशी येऊन थांबलो. गाणं बंद पडलं. वारा नव्हता. रांगा तशाच होत्या, पाण्याकडे तोंड करून, सोनेरी उन्हात अगदी सुंदर दिसत होत्या.

“आणायचे ना?” लेंडर्ट म्हणाला. जागचा हलला नाही.

“मी आणत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी काय धुतलंय इतके दिवस, ते मला माहीत आहे. जाळून टाकू. आहेत तिथेच. गवत वाळलेलं आहे, एक पलिता पुरेल.”

“नौदलाला काय सांगायचं?”

“कप्तान सांगेल. लढाईत कामी आले म्हणावं.”

कप्तानाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचं मद्य उतरलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, “जाळणंच बरं,” आणि ह्या वेळी क्रूस उघड काढला, तरी त्यांना कोणी टोकलं नाही. चौकातून कोणीतरी पेटता पलिता आणला. तो हातोहात पुढे आला.

ते सगळे सदऱ्यांकडे बघत होते. मी दोऱ्यांकडे बघत होते. धुणं टांगलं की दोरी ताणली जाते, मधोमध वाकते. कोरडं असलं तरी थोडी वाकतेच. आमच्या दोऱ्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ढिल्या लोंबत होत्या. त्यांच्यावर काही वजन नव्हतं. सदऱ्यांचा भार दुसऱ्या कशावर तरी होता.

पलिता सासूबाईंच्या हातात आला. त्यांनी कुंपणाचं दार ढकललं. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. ज्या सदऱ्याचा खांदा मी शिवला होता, तो दुसऱ्या रांगेत होता, आणि मला तो आता लांबूनही ओळखता येत होता.

“जाळू नका, सासूबाई,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “त्यांनी माझ्या माणसांना जेवू घातलंय. आणि सदरे अजून त्यांच्या अंगात आहेत. काढून देतील तेव्हा मी धुईन.”